सहा की सात?

सिकलसेलचा एकच दोष आमच्याकडे दोन नावांनी येतो. जुन्या रिपोर्टवर ‘बीटा ग्लोबिन, कोडॉन ६’ असतं, नव्यावर ‘एचबीबी, पी.ग्लू७व्हॅल’. पुण्यातल्या एका जनुकीय तपासणी प्रयोगशाळेत रिपोर्ट बाहेर पडण्याआधी त्यातलं प्रत्येक नाव पडताळून पाहणं हे माझं काम आहे, म्हणून मला ही दोन्ही नावं सवयीची. पण रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाने काय समजायचं?

गडचिरोली जिल्ह्यातून एका समुपदेशक ताईंचा फोन आला होता. त्यांच्याकडे आलेली एक बाई गरोदर. तिचा रिपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर कोडॉन ६. नवऱ्याचा नुकताच केलेला, त्यावर सात. दोघंही वाहक. घरच्या शिकलेल्या पोराने दोन्ही कागद शेजारी ठेवून सांगितलं, ‘आकडे वेगळे म्हणजे दोष वेगळे, बाळाला काही होणार नाही.’ ताईंना ते पटेना. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्हीच बघून सांगा. मला हे एकच वाटतंय.”

ते एकच होतं. म्हणजे बाळाला सिकलसेल आजार होण्याची शक्यता चारात एक. वारेची तपासणी करायची की नाही, हा निर्णय त्या जोडप्याचा. पण तो घ्यायला वेळ थोडा असतो, आणि आकड्यांच्या गोंधळात तोच वेळ हातातून जात होता.

सहाचे सात कसे झाले, ते मी ताईंना फोनवरच सांगितलं. १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा दोष शोधला तेव्हा जनुक वाचता येत नव्हतं. त्यांनी रक्तातलं तयार प्रथिन तपासलं आणि त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन सापडलं. पुढे कळलं की पेशी हे प्रथिन बनवताना सुरुवातीला एक मेथिओनिन जोडते आणि मग ते छाटून टाकते. आजचे नियम जनुकावरून मोजतात, त्यामुळे छाटलेलं मेथिओनिनही मोजणीत येतं. शरीरात काहीही बदललेलं नाही. बीटा थॅलसेमियाचंही असंच आहे. भारतात सर्वाधिक आढळणारा बदल जुने डॉक्टर ‘आयव्हीएस १-५’ म्हणतात, नव्या रिपोर्टवर तोच ‘सी.९२+५जी>सी’ असतो.

जनुकांची नावंही बदलतात. मानवी जनुकांना अधिकृत नाव देणारी समिती केंब्रिजहून चालते, तिचे पहिले नियम १९७९चे. ती प्रत्येक जनुकाला नावासोबत एक कायमचा क्रमांकही देते. एचबीबीचा ४८२७. नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही, म्हणून आमच्या नोंदींत मी दोन्ही लिहायला लावते.

२०२० साली या समितीने एक्सेलपायी नावं बदलली. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ या जनुकांची नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होत. २०१६च्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका आढळल्या होत्या. ‘मार्च१’ आणि ‘मार्क१’ या दोन वेगळ्या जनुकांची तर एकच तारीख होई. ती फाइल एकदा जतन झाली की मूळ जनुक कोणतं, हे त्या रकान्यावरून कळायला मार्गच नाही. आज ती नावं ‘सेप्टिन२’, ‘मार्चएफ१’ आणि ‘एमटार्क१’ अशी आहेत. पण रुग्णालयांकडून येणाऱ्या जुन्या याद्यांत मला अजून सप्टेंबरच्या तारखा दिसतात. मग मी फोन करून मूळ फाइल मागवते. समोरचा वैतागतो, तरी मागवते.

नाव जुळलं की पुढचा प्रश्न, हा बदल घातक की निरुपद्रवी? अमेरिकेतल्या ‘क्लिनव्हार’ या माहितीसाठ्यात जगभरच्या प्रयोगशाळा आपापला निवाडा नोंदवतात, आणि ते निवाडे नेहमी जुळतात असं नाही. युरोपीय लोकांच्या माहितीत दुर्मीळ म्हणून संशयित ठरलेला बदल आपल्याकडे गल्लोगल्ली सापडू शकतो. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने १,०२९ भारतीयांच्या जिनोममधल्या बदलांची माहिती खुली केली, तेव्हा आमच्या यादीतले काही संशयित बदल मी निर्धास्तपणे खाली उतरवले. एखाद्या आईच्या डोक्यावरचं ओझं अशा एका ओळीने उतरतं. ही नोंद कोणीतरी निगुतीने ठेवलेली असते. त्या माणसांना पगार आणि मान दोन्ही कमी मिळतात, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

२०२३पासून देशात सात कोटी लोकांच्या सिकलसेल तपासणीची मोहीम चालू आहे. विदर्भात, नंदुरबारात, मेळघाटात घरोघरी कागद पोचत आहेत. प्रयोगशाळांना माझी विनंती आहे, डीएनए तपासणीच्या रिपोर्टवर जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं छापा. एक ओळ वाढेल. आणि ज्यांच्या घरी असा रिपोर्ट आहे त्यांनी तो जपून ठेवावा, आणि लग्न ठरवताना किंवा दिवस राहिल्यावर दोघांचे मूळ कागद समुपदेशकाला दाखवावेत. आकडे घरच्या घरी जुळवू नयेत.