जुन्या बुलेटची हरवलेली शक्ति

ज्या घरांत जुनी मोटारसायकल आहे, त्या घरांत तिचें काय करावें यासंबंधीं जितकीं माणसें तितकीं मतें असतात. आमची गाडी १९८६ सालची, साडेतीनशे सी. सी.ची, लोखंडी सिलिंडरची बुलेट. आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं ती नवी घेतली, आणि पुण्याहून गुहागरास कुलदैवताच्या दर्शनास जाण्याचा त्यांचा वार्षिक नेम तिच्यावरच चालत आला. अलीकडे गाडी आमचा पुतण्या हांकतो व बंधू मागें बसतात. उंब्रज-पाटणच्या वाटेनें खालीं उतरतांना कांहीं वाटत नाहीं. परंतु परततांना चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढूं लागलें कीं ती दमेकऱ्यासारखी धापा टाकी, तिसऱ्या गिअरमध्यें टिकत नसे, आणि दुसऱ्यांत घातली कीं मागून येणारे ट्रक कर्णे वाजवीत अगदीं पाठीशीं येत. सत्तरी ओलांडलेल्या माणसास मागें बसवून असा घाट चढणें वहिनींस मान्य नव्हतें. गाडी सुधारा, नाहीं तर विका, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. सुधारण्यास पंधरा हजारांवर एक पैहि मिळणार नाहीं, कारण जूनमध्यें पुतणीच्या वसतिगृहाचे पैसे भरावयाचे आहेत, हेंहि त्याच बैठकींत ठरलें.

शक्ति वाढविणें म्हणजे इंजिन मोठें करणें, अशी तरुणांची साधारण समजूत असते. पुतण्यानें बेत आणला तो पांचशे सी. सी.चा. आमच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. प्रवास तोच ठेवून व्यास ८४ केला कीं आकारमान ३४६ वरून ४९९ वर जातें. गणित बिनचूक आहे. परंतु इंजिन म्हणजे केवळ सिलिंडर नव्हे. पिस्टन जड झाला कीं आंतील चक्रांचा तोल बिघडतो आणि सर्व गाडी थरथरूं लागते. या जुन्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडचें मोठें टोंक रोलरवर नव्हे, तर तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या बुशावर फिरतें. त्यास अधिक जोर व अधिक फेरे सोसवत नाहींत. क्लचचीहि तीच कथा. शिवाय नोंदणीच्या वेळच्या मूळ वर्णनाशीं न जुळणारा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कांहीं अपवाद सोडल्यास, करूं देत नाहीं. अपघात झाल्यास विम्याच्या वेळीं याच गोष्टीवर बोट ठेवलें जाईल, आणि मागें बसणार ते आमचे बंधू! तो बेत तेथेंच सोडला.

आमचा प्रश्न निराळा होता. या इंजिनाची शक्ति कारखान्याच्या कागदावर सुमारें १८ अश्वशक्ति आहे. बंधूंनीं गाडी घेतली तेव्हां याच शक्तीवर ते वहिनींसह, दोन पिशव्या व आमसुलांचा डबा घेऊन, हाच घाट तिसऱ्या गिअरमध्यें चढत असत. घाट कांहीं उंच झालेला नाहीं. तेव्हां त्या अठरांपैकीं आज चाकापर्यंत किती पोंचतात, आणि बाकीच्या कोठें गळतात, हें आधीं शोधावें, असें आम्हीं सुचविलें. नवी शक्ति विकत घेण्यापूर्वीं, जिचे पैसे एकदां देऊन झाले आहेत ती परत मिळवावी, इतकाच आमचा हिशेब.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनीं प्रथम प्लग काढून सिलिंडरमधील दाब मोजला. तो कमी भरला. मग त्यांनीं प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल आंत सोडलें व पुन्हां मोजला. ही युक्ति ज्याच्यापाशीं जुनी गाडी आहे त्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तेलानें दाब बराच वाढला तर रिंगा झिजल्या आहेत असें समजावें, कारण तेल त्यांची फट क्षणभर बुजवितें. न वाढला तर हवा बहुधा व्हॉल्व्हमधून निसटत आहे. आमच्या गाडीचा दाब जेमतेम हलला. म्हणजे सिलिंडर बोअर करण्याचा मोठा खर्च टळला. हेड उतरवून व्हॉल्व्ह पेस्टनें घासून बसविले, गाइड बदलले, एवढ्यांत काम झालें. हेड हातांत होतेंच, म्हणून कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या वाटेवर गॅस्केटची जी कड आंत आली होती ती कापून घेतली व सांध्यावरील पायरी कानशीनें उतरविली. यास मजुरीखेरीज कांहींच लागलें नाहीं. टॅपेट लावतांना इंजिन थंड असावें, आणि पुशरॉड बोटांनीं सहज फिरावा पण वरखालीं हलूं नये, एवढेंच माप.

खरी चोरी सांपडली ती ठिणगींत. या इंजिनांत पिस्टन शिखराला पोंचण्यापूर्वीं ०.८ मिलिमीटरवर पॉइंट उघडूं लागावे, व पुढें वेग वाढेल तशी वजनांनीं व स्प्रिंगांनीं ठिणगी आणखी आधीं पडत जावी, अशी योजना आहे. आमच्या गाडीचीं वजनें जुन्या ग्रीसमध्यें रुतून बसलीं होतीं! म्हणजे ठिणगी सदैव उशिरां. जळणाचा जोर पिस्टनवर पडण्याऐवजीं बराचसा उष्णतेच्या रूपानें सायलेन्सरमध्यें जाई. रॉकेलनें धुऊन, नव्या स्प्रिंगा घालून, पॉइंटची फट फीलर गेजनें ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेविली. सर्व खर्चांत स्वस्त काम हेंच, आणि गुणहि सर्वांत अधिक यानेंच आला.

कार्ब्युरेटर नवा व मोठा घ्यावा असा एका दुकानदाराचा आग्रह होता. आम्हीं जुन्याचीच सुई व तिचा जेट बदलला. इतक्या वर्षांच्या घर्षणानें ते झिजून मधल्या वेगास पेट्रोल अधिक जात होतें. मात्र येथें आजकालची एक नवी गोष्ट आहे. पंपावर आतां वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉलमध्यें प्राणवायु असतो, त्यामुळें जुन्या जेटांवर मिश्रण फिकें पडतें व चढावर इंजिन तापतें. नव्या गाड्यांप्रमाणें ही चूक स्वतः ओळखून सुधारणारें यंत्र येथें नाहीं. म्हणून मुख्य जेट एका क्रमांकानें मोठा घातला, सुई एक खांच वर घेतली, व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. चढ चढून थांबावें, प्लग काढावा. तो फिक्या कॉफीच्या रंगाचा दिसला म्हणजे ठीक.

सायलेन्सरासंबंधीं एकच सांगतों. मोकळा सायलेन्सर लावल्यानें वाढतो तो मुख्यतः आवाज. आणि शेजारीं बारावीच्या परीक्षेस बसलेली मुलगी असतां तो आवाज घरीं आणण्यास आमची संमति मिळाली नसती.

दांतांच्या चक्राचा वाद अजून मिटलेला नाहीं. पुढचें चक्र १६ दांतांचें आहे. पुतण्यास १७ चें हवें, म्हणजे सरळ रस्त्यावर त्याच वेगास इंजिनाचे फेरे सुमारें सहा टक्के कमी होतील. तें खरेंच. पण तितकीच ओढ चाकावर कमी होईल, व गाडीस गिअर चारच आहेत. घाटासाठीं इतकी खटपट करून ती या मार्गानें परत घालवावी, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं. शिवाय तें चक्र क्लचच्या मागें बसलेलें. तें काढण्यास डावी बाजू सगळी उघडावी लागते.

यंदा परततांना तोच घाट, तींच दोन माणसें व तेंच सामान. दोन अवघड वळणें वगळतां गाडी तिसऱ्यांतच राहिली, आणि कोयनानगरास चहासाठीं थांबले तेव्हां मागील वर्षापेक्षां अकरा मिनिटें कमी लागलीं होतीं. लिटरमागें २७ किलोमीटर मिळत ते आतां ३२ मिळतात. एकूण खर्च बारा हजार सातशें. उरलेल्या तेवीसशेंचें पुतण्या १७ दांतांचें चक्र मागत होता. वहिनींनीं दोन्ही चाकांचे ब्रेकशू व केबली बदलून घेण्यास सांगितलें, आणि तें काम येत्या सोमवारीं आहे.