जागणाऱ्यांची मोजणी

उत्तरपत्रिका तपासायला माणसाने एकट्याने बसावे, असे माझे जुने मत आहे. शेजारी कोणी असले की आपले तांबडे पेन उगाच कडक होते, नाहीतर उगाच दयाळू होते. पण यंदा एप्रिलात माझा भाचा पुण्याला आमच्याकडे मुक्कामाला होता, आणि आमच्या संसारात लिहायचे टेबल एकच. तेव्हा टेबलाच्या एका अंगाला मी आणि माझा साठ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, दुसऱ्या अंगाला तो आणि त्याचा लॅपटॉप, अशी आमची रात्रपाळी सुरू झाली.

दुसऱ्याच रात्री मला शोध लागला की, स्वारी पेपरच तपासते आहे!

भाच्याचे काम लिनक्सच्या कर्नलवर. कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला, आणि आज तुमच्याआमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच नांदतो आहे. यंत्रातल्या एकेका भागाशी त्या गाभ्याचे बोलणे करून देणारा जो दुभाष्या असतो, त्याला म्हणायचे ड्रायव्हर. अशाच एका ड्रायव्हरमध्ये कोणा परदेशी गृहस्थाने बदल सुचवला होता, आणि तो पसंत की नापसंत हे भाच्याला ठरवायचे होते. सगळा मिळून बदल नऊ ओळींचा. काढून टाकायच्या ओळींपुढे उणे, नव्या ओळींपुढे अधिक. मला त्या खुणा फार आवडल्या. आमच्याकडे विद्यार्थी काय खोडतो, ते त्याचे त्यालाही वाचता येत नाही.

"नऊ ओळींना दोन तास?" मी विचारले.

"मामा, ओळी नऊ आहेत, पण प्रश्न झोपेचा आहे," तो म्हणाला.

झोपेचा प्रश्न असा. फोनमध्ये भोवतालचा उजेड मोजणारी एक चिमुकली चिप असते. ती सदैव जागी राहिली, तर बॅटरी उगाच खाते. म्हणून काम नसेल तेव्हा तिला झोपवायचे आणि काम निघाले की उठवायचे. ही सोय कर्नलमध्ये २००९ च्या अखेरीस निघालेल्या २.६.३२ या आवृत्तीपासून आहे. पण झोपवायचे केव्हा? त्यासाठी एक मोजणी ठेवलेली असते. ज्याला चिपची गरज लागेल, त्याने 'गेट' म्हणायचे, म्हणजे मोजणी एकाने वाढते. काम झाले की 'पुट' म्हणायचे, म्हणजे ती एकाने उतरते. मोजणी शून्यावर आली की चिपने निजावे. तेही लगेच नव्हे. कोणी पुन्हा हाक मारील म्हणून एक-दोन सेकंद वाट पाहायची आणि मग डोळे मिटायचे.

हे ऐकताना मला हसू आले. ही सगळी व्यवस्था मी सांगलीच्या आमच्या घरात लहानपणी पाहिली होती. आमची आई शेवटचे माणूस घरात आल्याशिवाय निजत नसे. दारातल्या चपला तिने न पाहता मोजलेल्या असत. शेवटची चपल वाजली की ती जरा थांबे, कोणी पाणी मागते का पाही, आणि मग ओसरीवरचा दिवा मालवी.

"मग चूक कुठे आहे?" मी म्हटले.

त्याने एका ओळीवर बोट ठेवले. 'गेट सिंक' नावाची आज्ञा आधी मोजणी वाढवते आणि मग चिपला उठवू पाहते. उठवणे फसले, तर ती तसे कळवते, पण वाढवलेला एक मात्र तसाच राहतो. बदल लिहिणाऱ्याने फसल्याचा निरोप मिळताच काम सोडून दिले होते, आणि मोजणी उतरवली नव्हती.

"अरे, पण काम झालेच नाही, तर परत काय करायचे?"

"तिथंच तर सगळे फसतात, मामा! काम झालं नाही, तरी तुमच्या नावानं कोणीतरी जागं राहिलंय ना? पुढे चिप नीट चालू लागली, तरी हा एक शिल्लकच राहणार. मग ती कधीच झोपणार नाही."

ही चूक इतक्या जणांनी केली आहे की, डिसेंबर २०२० मध्ये निघालेल्या ५.१० या आवृत्तीत 'रिझ्यूम अँड गेट' अशी नवी आज्ञाच आणली गेली. उठवणे फसले, तर ती आपली मोजणी आपणच उतरवते.

भाच्याने अभिप्राय लिहिला. चूक कुठे, ती का, आणि दुरुस्त कशी करावी, अशी तीन वाक्ये आणि शेवटी आभार. मी माझ्या समोरची उत्तरपत्रिका पाहिली. समासात मी लिहिले होते, 'विस्कळीत'. बस्स, एवढेच.

पण माझे मन तपासणीतून उडाले होते. मला १९९४ चा जून आठवत होता.

दादा बारावीत नापास झाला होता. वडील शाळामास्तर. निकाल घेऊन त्यांच्यापुढे उभे राहण्यापेक्षा त्याने रात्रीची मुंबईची एस. टी. पकडली. मी तेव्हा चौदा वर्षांचा. स्टँडवर गाडी हलताना त्याने खिडकीतून मला सांगितले, "आईला म्हणावं, मी येत नाही. जागू नकोस."

मी घरी आलो आणि काहीच बोललो नाही. वडिलांच्या भीतीने. ओसरीवरचा दिवा त्या रात्री जळत राहिला. दुसऱ्याही रात्री. आठव्या दिवशी दादाचे पोस्टकार्ड आले, तेव्हा तो मालवला गेला. दादाचे पुढे चांगले झाले. मुंबईत त्याचे बिऱ्हाड आहे आणि दर दिवाळीला तो सहकुटुंब येतो. पण तो निरोप मी आजवर कोणाला सांगितला नव्हता.

आतल्या खोलीत उजेड दिसला. आई जागी होती. मी तिच्या खाटेवर जाऊन बसलो.

"आई, दादानं त्या रात्री निरोप दिला होता. येत नाही, जागू नकोस म्हणून. मी तुला सांगितलाच नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "स्टँडवरून आलास, तेव्हा तुझ्या तोंडावर दिसत होतं रे."

"मग आठ रात्री जागलीस कशाला?"

"तू सांगशील म्हणून."

मला पुढे बोलवेना. तिनेच विचारले, "पोरगं निजलं का?"

एरवी मी "हो, निजला" असे सांगून मोकळा झालो असतो.

"नाही," मी म्हणालो, "त्याला अजून तासभर लागेल. तू जागू नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि हात लांबवून तिने उशाचा दिवा मालवला.