पाडस आधी, मग आई

प्रिय सोनू,

‘आत्या, तुमच्याकडे हरणाची पाडसं मारतात आणि तेही कायद्याने? आणि ती मारणाऱ्यांच्या घरी तू जेवायला जातेस?’ तुझा निरोप वाचला. दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आहे. फोनवर विषय निघाला असता तर आपण दोघी तावातावाने बोललो असतो आणि तुझा मुद्दा बाजूलाच राहिला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुझ्या प्राणिमित्र गटातल्या मुलींनाही हे खुशाल वाचायला दे. त्यांनाही तुझ्याइतकाच राग आला असणार.

म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी सगळीकडे दिसतं ते ‘रे’ जातीचं हरीण. आपल्या चितळापेक्षा बरंच लहान, जेमतेम वीस-पंचवीस किलोचं. माद्या मे-जूनमध्ये वितात आणि पुष्कळदा जुळी होतात. नरांची शिकार मेपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. माद्यांची आणि त्या वर्षीच्या पाडसांची १ सप्टेंबरला सुरू होते ती हिवाळ्यात बंद होते. जर्मनीत वर्षाला दहा लाखांहून जास्त रे हरणं मारली जातात आणि त्यात पाडसांचा वाटा मोठा असतो.

तुला सगळ्यात जास्त धक्का बसला तो एका नियमाचा: पाडस आधी, मग आई. शिकारीचा परवाना हवा असेल तर इथे लेखी, तोंडी आणि नेमबाजीची अशी अवघड परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या तयारीत हा नियम घोटून घेतात. त्यामागे कायदा आहे. पिल्लू आईवाचून जगू शकेल इतकं मोठं होईपर्यंत त्याला वाढवणाऱ्या आईला मारायचं नाही, असं जर्मन शिकार कायद्याचं २२ वं कलम सांगतं. ते मोडणं हा फौजदारी गुन्हा आहे. आता माद्यांची संख्या कमी तर करायची आहे आणि पाडसाला पोरकं करायचं नाही, तर वाट एकच उरते. ती वाट क्रूर वाटते, मलाही वाटली. पण आई गेली आणि काही महिन्यांचं पाडस बर्फाच्या तोंडावर एकटं मागे राहिलं, हे चित्र मला त्याहून भयंकर वाटतं.

तू ‘पाडस’ वाचलंयस. राम पटवर्धनांचा तो अनुवाद मीच तुला दिला होता आणि वाचून झाल्यावर तू कितीतरी दिवस गप्प गप्प होतीस. मार्जोरी रॉलिंग्जच्या त्या फ्लोरिडातल्या गोष्टीत ज्योडीच्या हाती पाडस येतं ते कसं, आठव. बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला ताजं काळीज हवं असतं, म्हणून तो समोर आलेली हरिणी मारतो. तिथे आई आधी गेली. पुढचं सगळं त्या गोळीतून येतं: ज्योडीची माया, वाढत्या वयात मक्याचे कोवळे मोड फस्त करणारं पाडस, आईने झाडलेली आणि नीट न बसलेली गोळी, आणि शेवटी ज्योडीच्याच हातातली बंदूक. आपण सगळे त्या शेवटाशी रडतो. सुरुवातीच्या त्या हरिणीसाठी रडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण मुळात मारायचंच का, हा तुझा खरा प्रश्न आणि तो रास्त आहे. लांडगा, लिंक्स आणि अस्वल या मुलखातून माणसानेच एकोणिसाव्या शतकात संपवले. २००० च्या सुमारास पूर्वेकडच्या लाउझिट्समध्ये लांडगे पुन्हा पिल्लं देऊ लागले, पण आमच्या बाजूला लांडगा अजूनही क्वचितच दिसतो. दुसरी गोष्ट झाडांची. महायुद्धानंतर तोडून उजाड झालेल्या जमिनींवर भराभर वाढतो म्हणून नुसता स्प्रूस लावत सुटले. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी तो खाल्ला. हार्ट्झच्या डोंगरांत उतारच्या उतार वाळून उभे आहेत. आता जंगल टिकवायचं तर फर, बीच, ओक, मेपल अशी मिश्र झाडी उगवायला हवी, आणि रे हरणाला नेमके याच रोपांचे कोंब आवडतात. ते म्हशीसारखं गवत ओरबाडत नाही, कळी न् कळी निवडून खातं.

शेजारच्या शेतकऱ्याच्या जंगलात तारेचं कुंपण घातलेला एक तुकडा आहे. कुंपणाच्या आत फरची रोपं माझ्या खांद्याला लागतात. बाहेर, हातभर अंतरावर, त्याच वयाची रोपं घोट्याएवढी आहेत. शेंडा खाल्लेला, मग बाजूची फांदी वर आलेली, तीही खाल्लेली, असं गाठी गाठी झालेलं खुरटं झुडूप. बव्हेरियात दर ३ वर्षांनी वनखातं अशा खुडलेल्या रोपांची जागोजाग मोजणी करतं. पुढच्या ३ वर्षांत किती हरणं मारायची हे ठरवताना ती मोजणी समोर असते, आणि शिकारीचा हक्क ज्याने घेतलाय त्याला मारलेल्या प्रत्येक हरणाचा हिशेब द्यावा लागतो.

याच शेतकऱ्याबरोबर मी मे महिन्यात पहाटे कुरणात जाते. जमीन गार असते तोवर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन गवतावरून फिरवायचा, पडद्यावर पांढरा ठिपका दिसला की तिकडे चालत जायचं. अशा ड्रोनसाठी २०२१ पासून इथलं केंद्र सरकार पैशांची मदत करतं. पहिले काही आठवडे पाडस धोका दिसला तरी पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित बसतं. कोल्ह्यापासून ते त्यामुळे वाचतं, पण गवत कापायच्या यंत्राखाली त्यामुळेच सापडतं. हातमोजे घालायचे, वर गवताचा मोठा झुपका घ्यायचा आणि मग ते उचलायचं, म्हणजे माणसाचा वास त्याला लागत नाही. दीड किलोचा जीव. पाठीवर पांढरे ठिपके, नाक काळं आणि ओलं, पाय पोटाखाली इतके घट्ट दुमडलेले की हातात मान कुठली आणि पाय कुठला ते कळत नाही. मध्येच ते बारीक आवाजात ओरडतं. कडेच्या झाडीत उभी असलेली आई चार पावलं पुढे येते, पुन्हा मागे जाते. खोक्यात घालून सावलीला ठेवायचं आणि कापणी संपली की कुरणाच्या कडेला सोडून द्यायचं.

सप्टेंबर लागला की हाच माणूस बंदूक घेऊन मचाणावर बसतो. तू त्याला ढोंगी म्हणालीस. मी त्याला बरीच वर्षं ओळखते आणि हा शब्द मला मान्य नाही. पाय तुटलेलं पाडस कुरणात तासन्‌तास तडफडतं, ते त्याला बघवत नाही. मेलेलं पाडस चाऱ्यात गेलं तर गुरांना विषबाधा होते, हा स्वार्थही त्यात आहे आणि तो लपवत नाही. ऑक्टोबरातलं दहा-बारा किलोचं पाडस मात्र नीट गोळी बसली की जागच्या जागी मरतं, आणि ते खाल्लं जातं. यातना टाळणं हे आपलं काम आणि संख्या आवरणं हेही आपलंच काम, असं तो मानतो. एकच माणूस ही दोन्ही कामं करतो म्हणून तुला त्याचा राग येतो, आणि नेमक्या त्याच कारणाने मला त्याच्याबद्दल आदर आहे.

सगळंच माझ्या गळी उतरतं, असं मात्र समजू नकोस. पाडस पडलं की आई दचकून पळते आणि बऱ्याचदा थोड्या वेळाने त्याला शोधत परत येते. शिकाऱ्याला हे ठाऊक असतं. तो पुढची गोळी भरून तिची वाट पाहतो. एका संध्याकाळी मी मचाणावर त्याच्या शेजारी बसले होते. ती आली, मान खाली घालून तिने पाडसाला हुंगलं आणि दुसरी गोळी सुटली. खाली उतरून त्याने टोपी काढली, दोघांच्या तोंडात फरची एकेक डहाळी ठेवली. इथला जुना रिवाज आहे, ‘शेवटचा घास’ म्हणतात. मला त्या डहाळीचा संताप आला. आईच्या मायेचंच आमिष होतं, ही गोष्ट नियमात कितीही चोख बसत असली तरी माझ्या मनात बसत नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, ती जगली असती तर रात्रभर हाका मारत फिरली असती. त्याचं म्हणणं खरं आहे आणि तरीही माझ्या पोटात तुटतं. या दोन्हींतलं एकही मला सोडता येत नाही.

आता लोकमताचं. लोक पाडसाच्या शिकारीवर इतके का चिडतात, याचं एक उत्तर तुझ्या लहानपणच्या कपाटात होतं. फेलिक्स झाल्टनचं ‘बांबी’ १९२३ चं. त्यातलं पाडस रे हरणाचंच, आणि झाल्टन स्वतः शिकारी होता. १९४२ मध्ये डिस्नेच्या चित्रपटात ते पाडस अमेरिकन झालं आणि त्याच्या आईच्या मरणाने कितीतरी पिढ्यांचं शिकारीबद्दलचं मत घडवलं. तरीही अमेरिकेतल्या मतचाचण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: खाण्यासाठी केलेली शिकार बहुतेकांना चालते, भिंतीवर शिंगं टांगण्यासाठी केलेली फार थोड्यांना. हेतू पाहणारं हे लोकमत मला शहाणं वाटतं. मग तोच निकष इथेही लाव. पाडसाला शिंगं नसतात. ते मारून मिरवण्यासारखं काही हाती लागत नाही, म्हणून तर हौशी शिकारी पिढ्यान्‌पिढ्या पाडसं आणि माद्या सोडून देत, मोठ्या शिंगांचे नर राखत, हिवाळ्यात हरणांना खाऊ घालत. हरणं बेसुमार वाढली ती तशी. १९७१ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी होर्स्ट श्टेर्न या पत्रकाराने टीव्हीवर लाल हरणांबद्दलचा माहितीपट दाखवला आणि सणासुदीला सबंध देशाला सांगितलं की जंगल आजारी आहे, हरणं फार झालीत, ती जास्त मारायला हवीत. प्राण्यांवर जीव असलेला माणूस हे बोलत होता. केवढा गदारोळ झाला! मला श्टेर्न पटतो. शिंगांसाठी वर्षानुवर्षं नर जपणाऱ्यापेक्षा पाडसावर गोळी झाडणाऱ्याचा हेतू मला जास्त स्वच्छ वाटतो, आणि तुमचा निषेध चुकीच्या दारावर गेला आहे असंही वाटतं.

मग ताडोबातही बंदुका द्यायच्या का? मुळीच नाही. आपल्याकडे संस्थानिकांनी आणि साहेबांनी, आणि नंतर जीपमधून सर्चलाइट मारत हिंडणाऱ्यांनी रानं रिकामी केली होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा काही प्राण्यांची शिकार परवान्यावर चालू राहिली. पण पिल्लू, मादी आणि शिंगांवर अजून मखमल असलेलं हरीण मारायला खास परवानगीशिवाय मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली. ते योग्यच झालं. चितळाच्या पाडसावर तिथे वाघ, बिबट्या, रानकुत्री, अजगर अशी कितीतरी तोंडं टपलेली आहेत, त्यात माणसाच्या तोंडाची भर नको. रोही आणि रानडुकरांनी रातोरात रान साफ केलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर मत देण्याआधी तुम्ही मुलींनी एकदा तरी विदर्भातल्या शेतात जागलीला बसावं.

आणि एक गोष्ट मला तुझ्याशी स्पष्ट बोलायची आहे. तुमच्या गटाच्या भित्तिपत्रकाचा फोटो तू पाठवलास, त्यावर ‘पारधी टोळ्यांपासून हरणं वाचवा’ असं आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला तेव्हा फासेपारध्यांची एक रीत नोंदवली. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने काळविटांजवळ जाणारी, फासे लावून हरणं धरणारी ही माणसं. त्यांच्या फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकलं तर ते सोडून देत. १९७२ च्या कायद्यात लिहिलं गेलं त्याच्या कितीतरी आधीपासून हा त्यांच्यातला दंडक होता. आणि याच लोकांना इंग्रजांनी कायद्यानेच जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलीस ठाण्यातला आणि गावातला संशय अजून गेलेला नाही. त्यात तुमच्या भित्तिपत्रकाची भर पडू नये.

माझा शेजारी पाडस आधी मारतो आणि फासेपारधी पाडस आधी सोडत असे. एकाला जंगल उगवायला हवं आहे आणि हरणं भरमसाट आहेत. दुसऱ्याला पुढच्या वर्षीही हरणं हवी होती आणि ती त्याला मोजकीच मिळत. दोघांनीही पाडसाकडे पाहताना त्याच्यामागची आई, बाकीची हरणं आणि खालची जमीन पाहिली. तुझी माया खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळेच तू रात्री जागून मला लिहिलंस. माझी मागणी एवढीच आहे की त्या मायेने पाडसाच्या डोळ्यांशी थांबू नये.

हिवाळ्यात तुमचा गट अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीला काळविटं पाहायला जाणार आहे ना? येताना एक दिवस हाताशी ठेवा. त्या भागातल्या पारध्यांच्या वस्तीवर जा, ओळखीच्या कुणा कार्यकर्त्याला बरोबर घेऊन जा, कॅमेरे पिशवीत ठेवा. म्हाताऱ्या माणसांपाशी बसून विचार, फाशात पाडस आलं की तुम्ही काय करायचा, आणि ते कुणी शिकवलं. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठव. आणि माझ्या शेजाऱ्याबद्दलचं तुझं मत तेवढंच कडक राहिलं तर तेही लिही. त्याला मी ते वाचून दाखवणार आहे.

तुझी,
आत्या