शाखेची सभा

खड्गपुरास बदली होऊन आलो, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनची वर्गणी आम्ही नाखुषीनेच भरली. १९२८ साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या या संस्थेविषयी आम्हांस आदर होता. पण तिच्या मासिकाचे वेष्टन आमच्याकडून पुष्कळदा फाडलेच जात नसे.

एका पावसाळ्यात मण्यार चावलेला पोरगा आमच्या हातून गेला. दंशाची खूण दिसेना, सूज नव्हती. साधी पोटदुखी समजून आम्ही मोलाचे तास दवडले. त्या महिन्याच्या सभेस जाऊच नये असे वाटत होते. गेलो, आणि आपण होऊन सारी हकीगत सांगितली. सांत्वन कोणी केले नाही (तेच बरे झाले). एका वृद्ध बंगाली डॉक्टरांनी विचारले, "पापण्या केव्हा मिटू लागल्या?" मग त्यांनी आपले दोन रोगी सांगितले. दोघेही दगावलेले. जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोट धरून आला, तर आधी मण्यार आठवावी, हे पुस्तकांत आहेच. आम्ही ते वाचलेही होते.

घरी यातले काही बोलता आले नव्हते. सभेत पुढचा विषय वर्गणीच्या थकबाकीचा निघाला, आणि मंडळी तावातावाने भांडू लागली. आम्हीही भांडलो.