मंगळवेढ्याहून पायी

गेल्या पौषात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी मंगळवेढ्याहून पंढरीला पायी गेलो. अंतर पंचवीसेक किलोमीटर. घाट नाही, चढ नाही. काळ्या रानात शाळू हुरड्याला आलेला. वाटेत एक मुक्काम केला की म्हातारा माणूसही निवांत पोचतो.

शके 1260 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता ते ढासळले आणि चोखोबाराय त्याखाली गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण धरून नामदेवरायांनी त्या वेचल्या व पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. हा प्रसंग मी चाळीस वर्षे कीर्तनात लावला. ऐकणारे डोळे पुसत. पण आमच्या गावी काही मंडळी मांडवाबाहेर उघड्यावर बसून ऐकत, त्यांना ‘आत या’ असे माझ्या तोंडून कधी निघाले नाही.

त्या सोप्या वाटेवर हेच ओझे झाले. नामदेवरायांना मातीतल्या अस्थींचे नाम ऐकू आले. माझ्यासमोर जिवंत माणसे नाम घेत होती!

महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवले. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. माझा मांडव त्यानंतरही तसाच राहिला.

माउली, आता कीर्तनाला उभे राहवत नाही. श्रोत्यांत बसतो. कोणी कडेला घुटमळताना दिसले, की उठून हाताला धरून आत आणतो आणि शेजारी बसवतो.