वावराची गोधडी

थंडीचे दिवस आले म्हणजे पेटीच्या तळाची गोधडी वर काढावी, दोन दिवस तिला अंगणात ऊन दाखवावे आणि तिसऱ्या रात्री ती पांघरून निजावे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले असल्यामुळे पौष-माघातील येथील गारठा गोधडीवाचून सरत नाही. आमची ही गोधडी आमच्या मातोश्रींनी शिवलेली. तिच्या पाठीस त्यांचे जुने लुगडे, पोटात वडिलांची विरलेली धोतरे आणि वरच्या अंगास घरातील पाच-सहा माणसांच्या कपड्यांचे तुकडे आहेत. बाजारात तिची कोणी कवडीही देणार नाही. परंतु ती पांघरली असता सर्व कुटुंब जवळ असल्यासारखे वाटते.

गोधडी शिवण्याचे काम दिसते तितके साधे नव्हे. रब्बीची सुगी आटोपून वावरे मोकळी झाली, की चैत्र-वैशाखात बायकांस थोडी उसंत मिळते. मग सारवलेल्या जमिनीवर लुगडे ताणून अंथरावयाचे, ते सरकू नये म्हणून कडांवर दगड ठेवावयाचे, त्यावर चिंध्यांचे थर सारखे लावावयाचे आणि वरून दुसरे कापड घालून कच्चे टाके घ्यावयाचे. त्यानंतर चार कडांस चौघी बसून धावदोरा घालू लागतात. टाका कडेकडून मध्याकडे सरकत जातो आणि चौकोनात चौकोन, त्यात आणखी लहान चौकोन अशा रांगा उमटतात. नवे कापड या कामी उपयोगाचे नाही, असे मातोश्री म्हणत; अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापडच अंगास खरी ऊब देते. उन्हाळ्यात शिवावी, पावसाळ्यात ओलीपासून जपावी आणि हिवाळ्यात पांघरावी, अशी ही तिन्ही ऋतूंची वस्तू आहे.

परंतु तिच्यावरील नक्षी कोठून येते? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका विद्यार्थिनीने दिले; आणि ते मिळण्यापूर्वी आमच्या हातून तिचा जो उपमर्द झाला, त्याची खंत आम्हांस अद्याप वाटते.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलींचा हस्तव्यवसायाचा तास आमच्याकडे होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकीने हातभर लांबीरुंदीची लहान गोधडी शिवावी असे ठरले. आम्ही एका परदेशी पुस्तकातील नमुने फळ्यावर काढून दिले. बर्फाने झाकलेल्या छपरांची घरे, मेपल वृक्षाचे पान, आठ टोकांची तारका, असे ते नमुने होते. बर्फ आणि मेपल यांपैकी काहीच आम्ही स्वतः पाहिलेले नव्हते. तरी मुलींनी ते हुबेहूब उतरविले म्हणून आम्हांस समाधान वाटले. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीने मात्र निराळेच केले. जुन्या छत्रीचे काळे कापड, त्यावर धोतराच्या चिंध्यांचे पांढरे ठिपके आणि वरच्या कडेस लुगड्याच्या काठाची एक निळी, नागमोडी पट्टी. याखेरीज तीत काही नव्हते. आम्ही ती हाती घेऊन सर्व वर्गासमक्ष म्हणालो, "इतके उदास कापड कोण पांघरील? हे उसव आणि फळ्यावरचे पान काढ." मुलगी काही बोलली नाही. खाली मान घालून तिने एकेक टाका उसवला.

पुढे मार्गशीर्षात एका परिचितांच्या घरच्या लग्नास जळगाव जामोदला जाण्याचा योग आला. आमच्या जिल्ह्याचे लोक मुलखाचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग मानतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली. राजूरचा घाट उतरून मोटार पूर्णेच्या खोऱ्यात आली. नांदुरा मागे पडले, नदीचा पूल ओलांडला आणि आम्ही सहज खिडकीबाहेर पाहिले. दोहों बाजूंस काळी जमीन पसरली होती, तीवर फुटलेल्या बोंडांतून पांढरा कापूस लोंबत होता आणि उत्तरेस क्षितिजावर सातपुड्याची एक निळी, नागमोडी ओळ दिसत होती. आमच्या काळजात धस्स झाले. आम्ही उसवावयास लावलेली गोधडी ती हीच! या रस्त्याने आम्ही पूर्वी दहादा तरी गेलो असू. परंतु कधी डोळे पुस्तकात, तर कधी मिटलेले. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाडास कापूस दिला आणि ज्या कापसाचेच कापड आम्ही मुलींच्या हाती देत होतो, ती माती त्या कापडावर आलेली आम्हांस ओळखता आली नाही.

परत आल्यावर आम्ही त्या मुलीस बोलावून विचारले, "बाळ, त्या दिवशी तू काय काढले होतेस?"

"बाई, ते आमचं वावर होतं. आई कापूस वेचते ना, तिथून डोंगर असाच दिसतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलेस?"

"तुम्ही विचारलं नाही, बाई."

या उत्तरावर आम्हांस बोलावयास काही उरले नाही. ज्या वर्गासमक्ष तिला बोललो होतो, त्याच वर्गासमक्ष दुसऱ्या दिवशी आम्ही आपली चूक कबूल केली आणि ती गोधडी पुन्हा शिवण्याची तिला विनंती केली. तिने ती शिवली. छत्रीच्या कापडावर सुईची भोके बुजत नाहीत. त्यामुळे नव्या टाक्यांशेजारी जुन्या टाक्यांची ओळ स्पष्ट दिसत होती. या खेपेस पांढरे ठिपके मात्र तिने कमी घातले. कारण विचारता ती म्हणाली, "आता वेचणी होत आली, बाई."

तेव्हापासून या तासास आम्ही फळा कोरा ठेवतो. मुलींनी आपल्या वाटेवर, आपल्या गावी, चालू ऋतूत जे पाहिले असेल ते आणावे, एवढेच सांगतो. कोणी आश्विनात पिवळे पडलेले सोयाबीन आणते, कोणी फाल्गुनात घाटात फुललेला पळस आणते, तर कोणी श्रावणातील भिजलेल्या कौलांचा गडद तांबडा रंग आणते. एकदा आम्ही मुलींस लोणारला नेले. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. काठावरून पाहता बाहेर कडा, त्याच्या आत झाडीचे कडे, मग खाऱ्या चिखलाचा पांढुरका पट्टा आणि मध्यभागी हिरवे पाणी, असा देखावा दिसतो. एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर कडेकडून मध्यापर्यंत शिवत आणलं आहे!" परत आल्यावर दुसरीने आपल्या गोधडीच्या मध्यभागी गुलाबी तुकडा लावला. आता आम्ही आधी विचारतो. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, ते आपल्या वडिलांनी पाहिले, असे तिने सांगितले. तिचे म्हणणे खरेच होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नामक सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले आहे.

ही विद्या केवळ आमच्याच मुलखाची नव्हे. कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदीही अशीच कडेकडून आत शिवत नेतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, आणि २००२ साली त्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत मोठ्या सन्मानाने मांडल्या गेल्या. त्यांतील कित्येकींवर चौकोनात चौकोन हीच रचना आहे. पवित्र शास्त्रात यापो येथील टबीथेची हकीकत आहे. ती निवर्तली तेव्हा विधवा स्त्रिया रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्यास दाखवू लागल्या. टबीथेचे एकही वाक्य तेथे नमूद नाही. तिच्या हातची शिवण तेवढी पुढे केलेली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीच्या गोधडीतील एकेक तुकडा कोणाचा आणि कोणत्या साली लावलेला, हे तिला विचारा. जाता-येता मोटारीच्या खिडकीबाहेर पाहा. महिना बदलला की तीच वाट पुन्हा पाहा. आणि कोणाच्या हातची शिवण तुम्हांस विचित्र वाटली, तर उसवण्यास सांगण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा. आम्हांस तो विचारावयास फार उशीर झाला होता.