वत्सगुल्माच्या शोधात

पेरू देशातील कुस्को ही इंका साम्राज्याची राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसली आहे. तेथे पहिल्या दिवशी चढाची एक गल्ली चालतानाही मला धाप लागत होती. त्या सक्तीच्या संथ गतीमुळेच भिंती नीट पाहून झाल्या. चुन्यावाचून एकमेकांत घट्ट बसवलेले दगड, आणि इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिश विजेत्यांनी उभारलेले सांतो दोमिंगोचे चर्च. १९५०च्या भूकंपात चर्चची मोठी हानी झाली. खालच्या इंका भिंती टिकल्या. कुस्कोत इतिहास हाताला लागतो.

वऱ्हाडच्या घाटमाथ्यावरील वाशिमचे तसे नाही. चौथ्या-पाचव्या शतकांत हेच नगर वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. परंतु प्रवाशाला दाखवावा असा त्यांचा वाडा येथे नाही. बालाजीचे देखणे मंदिर भोसलेकालीन, म्हणजे बरेच अलीकडचे. पद्मतीर्थाच्या काठी उभे राहून वाकाटकांना शोधणाऱ्याला नुसते डोळे पुरत नाहीत. काही वाचूनच यावे लागते.

या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली, म्हणून ते आपल्याला ठाऊक. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लावून दिला, आणि वैदर्भी रीतीला या नगरावरून ‘वच्छोमी’ असेही नाव मिळाले. राजधानी गेली, पण लिहिण्याच्या एका पद्धतीला आपले नाव देऊन गेली. मला हे कोणत्याही तटबंदीहून मोठे वाटते. कुस्कोच्या भिंती पाहूनही वाटते.

एक वस्तू मात्र हाती आली आहे. १९३९ मध्ये वाशिम येथे सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. त्यातील वंशावळ संस्कृतात आहे, आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. पूर्वजांचा गौरव करताना राजाने एक भाषा वापरली. गावात सैनिकांनी शिरू नये, दूध-फुलांची वसुली होऊ नये, हे बजावताना मात्र दुसरी, आपल्या मराठीच्या पूर्वजेच्या कुळातली.